कैरोच्या इस्पितळाची नव्वद वर्षे : ‘ब्रुक’ संस्थेचा इतिहास

पहिले महायुद्ध १९१८च्या नोव्हेंबरात संपले, तेव्हा इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढलेल्या ब्रिटिश फौजेच्या हाती हजारो घोडे आणि खेचरे उरली होती. माणसांना घरी न्यायलाच जहाजे पुरत नव्हती, मग जनावरांचे काय? त्यात रोगराईच्या भयाने घातलेले क्वारंटाइनचे नियम, वाहतुकीचा खर्च, आणि पुढच्या लढाया घोड्यावरून होणार नाहीत हा येऊ लागलेला अंदाज. लष्कराने कारकुनी पद्धतीने प्रश्न सोडवला. वय, अंगलट आणि पाय पाहून जनावरांची प्रतवारी झाली. धडधाकट होती ती राहिलेल्या पलटणींत वाटली, फार म्हातारी आणि अधू होती ती गोळी घालून संपवली, आणि उरली ती तिथल्याच बाजारात विकून टाकली. इजिप्तमध्ये अशी वीस हजारांच्या आसपास जनावरे विकली गेली, असे कष्टाच्या घोड्या-गाढवांसाठी काम करणारी ब्रुक संस्था सांगते. ऑस्ट्रेलियातून या युद्धासाठी १ लाख ३६ हजार घोडे जगभर गेले होते. मायदेशी परतला तो एकच, जनरल ब्रिजेस यांचा सँडी.

त्या फौजेत आपलीही माणसे होती. १९१८च्या पूर्वार्धात फ्रान्समधून जे हिंदी घोडदळ पॅलेस्टाइनला हलवले गेले, त्यात ३४वी पूना हॉर्स आणि २०वी डेक्कन हॉर्स या पलटणी होत्या. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी हैफा घेतले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या त्या स्वारांचे आहे. तिथे भाले घेतलेले तीन सैनिक उभे आहेत, घोडा एकही नाही.

शिलेदार आणि बारगीर यांतला भेद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळातल्या बहुतेक पलटणी शिलेदारी पद्धतीनेच चालत. घोडा मेला तर स्वाराचे भांडवल बुडे, त्यामुळे त्याच्या चंदी-वैरणीकडे आणि खराऱ्याकडे स्वाराचे स्वतःचे लक्ष असे. महायुद्धात इतके घोडे मेले आणि नवे मिळेनात, की ही पद्धत कोलमडली आणि लवकरच बंद झाली. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कैरोत जे घडले ते समजून घ्यायला ती उपयोगी पडते. कारण फौजेचा घोडा १९१९ साली सरकारी मालकीतून सुटून एकदम अशा माणसाच्या हाती गेला, ज्याचे सगळे भांडवल तो घोडाच होता, आणि तरी त्याला दाणा घालण्याची त्या माणसाची ऐपत नव्हती.

डोरोथी ब्रुक यांचा जन्म १८८३चा, माहेर स्कॉटलंडमधले नामांकित गिब्सन-क्रेग घराणे. घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या बाई. त्यांचे पती जेफ्री ब्रुक घोडदळातले अधिकारी, अश्वारोहणावर पुस्तके लिहिलेले. १९३० साली कैरोतल्या ब्रिटिश घोडदळ ब्रिगेडचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ब्रुकबाई इजिप्तला आल्या. फौजेचे विकलेले घोडे या शहरात कुठेतरी असणार, हे त्यांना ठाऊक होते. ते दिसायला मात्र वेळ लागला. अगदी मोडकळीला आलेली जनावरे हमरस्त्यावर आणली तर पोलीस हटकतील, या धास्तीने मालक त्यांना गल्लीबोळांत, दगडांच्या खाणींवर, रात्रीच्या फेऱ्यांना जुंपत.

शहरात प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी एक संस्था आधीपासून होती आणि तिचा तबेलाही होता. ब्रुकबाई तिथे जाऊ लागल्या. त्या तबेल्यात त्यांना जो घोडा भेटला त्याला पुढे ‘ओल्ड बिल’ हे नाव पडले. हाडे मोजावीत असा सांगाडा आणि चारही पायांनी निकामी. पण ठेवण अशी, की जाणत्याला ओळखावे, हा एके काळी उमदा घोडा होता. ब्रिटिश लष्कराच्या जनावरांवर बाणाच्या टोकासारखा डाग दिलेला असे, त्यावरून ओळखही पटे. ब्रुकबाईंनी त्याला मालकाकडून विकत घेतले. बरा होण्याच्या पलीकडे तो गेला होता, म्हणून खाऊपिऊ घालून, विसावा देऊन त्याला शांतपणे मरण दिले.

इथे कुणी हळवी बाई एका घोड्यापाशी थांबली असती आणि गोष्ट संपली असती. ब्रुकबाईंनी चौकशी चालू ठेवली. असे घोडे शेकड्यांनी आहेत हे ध्यानात आल्यावर त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहिले, ते १६ एप्रिल १९३१ रोजी छापून आले. हे दैनिक लष्करी आणि जमीनदार घरांत वाचले जाई, म्हणजे पत्र नेमके ज्यांच्या हाती पडायला हवे त्यांच्याच हाती पडले. आता ही सगळी जनावरे विशीच्या पुढे गेली आहेत, त्यांना विकत घेऊन त्यांची सुटका करायला पैसे हवेत, एवढाच मुद्दा. घोड्याला वीस म्हणजे चांगलेच म्हातारपण. वाचकांनी पाठवलेली रक्कम आजच्या मोलाने वीस हजार पौंडांच्या घरात भरते. तेव्हाचे इंग्लंड मंदीत होते हे लक्षात घेता, युद्धात घोड्यावर बसलेल्या पिढीच्या मनात काही सलत असणार, असे मानायला जागा आहे.

मग समिती झाली आणि खरेदी सुरू झाली. तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे घेतले गेले. हा आकडा ब्रुक संस्थेच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतो, आणि असावाही. पण त्यापुढचे वाक्य दडपून वाचण्याची सवय लोकांना लागली आहे. त्या पाच हजारांतल्या बहुतेकांना संस्थेने मारले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. सांधे झिजलेले, खूर कुजलेले, काही आंधळे, दात इतके झिजलेले की दाणा पुढ्यात असून चावता येऊ नये, अशी ती जनावरे होती. त्यांना थोडा आराम, पोटभर खाणे, अंगाखाली भुशाचे जाड अंथरूण आणि शेवटी यातना न होता मरण, एवढेच संस्थेला देता आले. इंग्लंडला परत पाठवण्याजोगे फार थोडे निघाले.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना अडखळायला होते. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४मध्ये, भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. भाकड, लंगडे, आंधळे जनावर मरेपर्यंत पोसायचे, मारायचे नाही, ही आपल्या पांजरपोळांची रीत. तिच्यात मोठी माया आहे, हे कोण नाकारील? मात्र चार पायांवर उभे राहता न येणाऱ्या घोड्याला दिवसचे दिवस पडून राहू देण्यात ती माया जनावराला पोचते की आपल्यालाच, असा प्रश्न कधीतरी विचारायला हवा. घोड्याचे शरीर आडवे पडून राहण्यासाठी घडलेलेच नाही. मोठे धूड कुशीवर राहिले की अंगाला जखमा होतात, आतडी मंदावतात, पोटशूळ उठतो. आपला १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा या बाबतीत व्यवहारी आहे. त्याच्या ३५व्या कलमाप्रमाणे दंडाधिकारी जखमी जनावराला शुश्रूषालयात पाठवू शकतो, पांजरपोळात पाठवू शकतो, आणि जनावर बरे होणार नाही किंवा क्रौर्य केल्याशिवाय हलवता येणार नाही असा दाखला पशुवैद्याने दिला तर त्याचा अंत करण्याचा हुकूमही देऊ शकतो. ब्रुकबाईंनी तीस वर्षे आधी कैरोत जे केले ते याहून वेगळे नव्हते. मला स्वतःला संस्थेच्या इतिहासातला हा टप्पा सर्वांत धीराचा वाटतो. देणगीदार वाचवलेल्या घोड्याचे छायाचित्र मागतो, त्याला मारलेल्या घोड्यांचा हिशेब देणे सोपे नसते.

खरेदीच्या त्या तीन वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. ब्रुकबाई रोज घोडेवाल्यांशी बोलत होत्या. घोडा ओढत आणणारा माणूस बहुधा स्वतःच हाडकुळा, फाटका असे. त्याने घोड्याला उपाशी ठेवले होते हे खरे, पण घरी मुलेही अर्धपोटीच होती. लंगडणारा घोडा एक दिवस उभा ठेवला की त्या दिवसाची भाकरी गेली. अशा माणसाच्या हातून घोडा काढून घेतला आणि पैसे दिले, तर तो दुसऱ्या दिवशी दुसरा घोडा आणणार, त्यालाही तसाच राबवणार आणि आठ-दहा वर्षांनी तोही असाच दारात आणून उभा करणार. म्हणजे युद्धातला शेवटचा घोडा विकत घेऊन झाल्यावरही तबेल्यापुढची रांग हटणार नव्हती. तिच्यात फक्त इजिप्शियन घोडे, खेचरे आणि गाढवे दिसली असती. फौजेचे घोडे वयोमानाने संपत आले होते. समितीने हिशेब मिटवून दप्तर बंद केले असते, तर कुणी नाव ठेवले नसते.

त्याऐवजी १९३४ साली कैरोत ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ उघडले. शहरातल्या कोणत्याही कष्टकऱ्याच्या घोड्याला, खेचराला, गाढवाला फुकट उपचार, हे त्याचे वचन. नाव जुन्या घोड्यांच्या स्मृतीचे, काम नव्या घोड्यांचे. सैयदा झैनब या दाट वस्तीच्या भागात ते इस्पितळ आहे आणि आजही चालू आहे. जागा गावाबाहेर, झाडाझुडपांत घेतली असती तर जनावरांना बरे वाटले असते, पण तिथवर येणार कोण? टांगेवाला जिथून रोज जातो तिथेच दवाखाना हवा, इतका साधा विचार त्यामागे दिसतो, आणि तोच बरेच काही सांगतो.

फुकट उपचार ऐकायला सोपे वाटतात. प्रत्यक्षात या इस्पितळाला दारातच एक पेच सोडवावा लागतो. घोड्याच्या पाठीला खोगिराने किंवा जोताने जखम झाली असेल, तर मलमापेक्षा विश्रांती हवी. विश्रांती म्हणजे मालकाचा रोज बुडणार. बुडालेला रोज भरून द्यावा तर मालक धडक्या घोड्यालाही जखमी करून आणतील ही भीती, न द्यावा तर तो रात्रीच घोडा सोडवून नेणार. या पेचाचे कायमचे उत्तर अजून कुणाला सापडलेले नाही. कैरोत काय किंवा आपल्याकडच्या एखाद्या गावी काय, पशुवैद्य प्रत्येक वेळी समोरचा माणूस आणि समोरचे जनावर पाहून तडजोड काढतो. जनावर ठेवून घेता येत नसेल तर निदान ओझे ज्या जागी घासते तिथली गादी बदलून देतो, तंग सैल करतो, लगामाची गंजलेली कडी काढून गुळगुळीत कडी बसवतो. बरे करण्यापेक्षा जखम होऊ न देणे स्वस्त पडते, हे इस्पितळाने पहिल्या काही वर्षांतच ओळखले असावे. कारण पुढे संस्थेच्या कामात डॉक्टराइतकेच महत्त्व नालबंदाला आणि खोगीर शिवणाऱ्याला आले.

यातले शास्त्र थोडे सांगायला हवे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, त्याला थोडे थोडे, सतत खावे लागते. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे खाण्यात गडबड झाली की पोटशूळ जिवावर बेततो. दिवसभर जुंपून रात्री एकदाच तोबरा भरून चंदी दिली, की मालकाच्या मते पोटभर खाऊ घातले, आणि घोड्याच्या शरीराच्या दृष्टीने दुखण्याला आमंत्रण दिले. पाण्याचेही तेच. कष्टाचा घोडा उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पितो. ‘पाणी पाजले की पोटात दुखते, घाम येतो’ या समजुतीने कामाच्या वेळी पाणी न देण्याची चाल अनेक देशांत आहे. खुराचे सांगायचे तर चुकीची नाल महिनाभरात घोडा लंगडा करते. क्रौर्याच्या अनेक कहाण्यांत क्रूर माणूस शोधूनही सापडत नाही, ऐकीव समजुती आणि रिकामा खिसा मात्र हमखास सापडतो.

ब्रुकबाई १९५५ साली कैरोतच वारल्या. त्यांच्या रोजनिशीतले उतारे ग्लेंडा स्पूनर यांनी संपादित केले आणि ‘फॉर लव्ह ऑफ हॉर्सेस’ या नावाने १९६०मध्ये ते प्रसिद्ध झाले. दरम्यान सुएझचा संघर्ष होऊन इजिप्तमधली ब्रिटिश वस्ती उठली होती. परक्या राज्यकर्त्यांच्या बायकांनी काढलेल्या कितीतरी संस्था अशा वेळी बंद पडल्या. हे इस्पितळ टिकले, कारण तिथे रोज येणारे लोक कैरोचेच होते. पुढे लक्सर, अस्वान, एदफू, अलेक्झांड्रिया इथे केंद्रे निघाली. एदफूचे काम जरा निराळे. नाईलमधल्या बोटींतून उतरलेल्या पर्यटकांना होरसच्या देवळापर्यंत पोचवायला तिथे शेकडो घोडागाड्या असतात. बोटी आल्या की घाई, नसल्या की उपासमार. इजिप्तमध्ये २०११च्या उठावानंतर पर्यटक आटले, तेव्हा या गाड्यांच्या घोड्यांचे हाल वाढले. चाबकाने नाही, गिऱ्हाईक नसल्याने.

देशाबाहेर पडायला संस्थेला पन्नासहून अधिक वर्षे लागली. १९८८मध्ये जॉर्डनमधल्या पेत्राला, १९९१मध्ये पाकिस्तानात, १९९२मध्ये भारतात. नंतर आफ्रिकेत इथिओपिया, केनिया, सेनेगल, आणि मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला, निकाराग्वा. जगात कष्टाची कामे करणारे घोडे, गाढवे आणि खेचरे मिळून दहा कोटींच्या आसपास आहेत आणि साठ कोटी माणसांचे पोट त्यांच्यावर चालते, असा संस्थेचा अंदाज आहे. एवढ्या जनावरांना इस्पितळे पुरणे अशक्य.

भारतातल्या कामाने संस्थेची रीतच बदलली, म्हणून त्यावर थोडे थांबतो. सुरुवात दिल्लीच्या परिसरात, फिरत्या दवाखान्याने झाली. गाडी यायची, डॉक्टर जखमा धुवायचे, धनुर्वाताची लस टोचायचे, गाडी जायची. पुढच्या फेरीला तीच जनावरे, त्याच जखमा. ही फेरी कितीही वर्षे चालली असती. उत्तर प्रदेशात विटभट्ट्यांवर हजारो घोडे आणि खेचरे राबतात. भट्टीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, पुढच्या पावसाच्या तोंडावर संपतो. कच्च्या विटा वाहायच्या, खाचखळग्यांचा रस्ता, धूळ, मजुरी विटांच्या मोजणीवर. इथे काम करणाऱ्या कुटुंबाला ‘घोड्यावर दया करा’ असे सांगण्यात अर्थ नसतो. ते कुटुंबच बहुधा भट्टीमालकाच्या उचलीत बांधलेले असते.

तेव्हा संस्थेच्या लोकांनी घोडेवाल्यांचे गट बांधले. पुरुषांचे आणि बायकांचेही, कारण घरी जनावराला चारा-पाणी करणारी, शेण काढणारी बहुधा बाईच असते. हे गट बचतगटासारखे चालतात. दरमहा ठरलेली रक्कम जमा करायची, त्यातून घोडा घ्यायला किंवा औषधाला कर्ज द्यायचे, कोंडा-हरभरा एकत्र घाऊक घ्यायचा, लस सगळ्यांनी मिळून आणून एकाच दिवशी टोचून घ्यायची. या कामाचा अनुभव ‘शेअरिंग द लोड’ या २०११च्या पुस्तकात लिसा व्हॅन डाइक, जॉय प्रिचर्ड, एस. के. प्रधान आणि किंबर्ली वेल्स यांनी मांडला आहे. त्यातल्या दोन रीती सांगण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ‘मी घोडा असतो तर’. गावकरी जमिनीवर घोड्याचे चित्र काढतात, आणि आपण घोडा असतो तर मालकाकडून काय काय मागितले असते, ते एकेक करून भोवती मांडतात. पाणी, सावली, पोटभर चारा, खरारा, वेळेवर नाल. मग प्रत्येकाने, आपण यातले किती देतो, ते सर्वांसमोर सांगायचे. दुसरी रीत म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रत्येकाच्या दारी जाऊन जनावर पाहायचे आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन डोळे, पाठ, पाय, अंगलट यांची नोंद करायची. शेजाऱ्याच्या घोड्याला हिरवा आणि आपल्याला लाल मिळाला, की जे लागते ते बाहेरून आलेल्या डॉक्टराच्या उपदेशाने कधी लागत नाही.

यावर एक आक्षेप फार जुना आहे आणि तो रास्त आहे. फुकट उपचार आणि सुधारलेली खोगिरे पुरवून तुम्ही एका वाईट धंद्याचे आयुष्य वाढवत नाही काय? विटभट्टीवर घोडा असावाच कशाला? मुंबईने व्हिक्टोरियांच्या बाबतीत दुसरी वाट धरली. एका जनहित याचिकेवर ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, त्या वर्षभरात बंद करायला सांगितल्या, आणि गाडीवाल्यांच्या व घोड्यांच्या पुनर्वसनाची योजना करा असेही शासनाला बजावले. रात्री मरीन ड्राइव्हच्या डांबरावर, दिव्यांच्या झगमगाटात आणि हॉर्नच्या कल्लोळात धावणाऱ्या घोड्याचे जिणे ज्याने जवळून पाहिले असेल, तो या निकालाला दोष देणार नाही. पण बंदीचा हुकूम एका दिवसात निघतो आणि घोडा पुढे पंधरा वर्षे जगतो. त्याला रोज चंदी कोण घालणार, या प्रश्नावर निकालातल्या पुनर्वसनाच्या ओळींचा खरा भार असतो. एका शहरातून निघालेला घोडा दुसरीकडे लग्नाच्या वरातीला, चौपाटीवर किंवा डोंगरावरच्या वाटेला लागला, तर तो कामातून सुटला असे म्हणता येत नाही. चैनीचा धंदा बंद करता येतो आणि करावा. जिथे रस्ता नाही, ट्रॅक्टरला पैसा नाही आणि पाणी चार कोसांवर आहे, तिथे बंदीचा उपयोग नाही. ब्रुक संस्थेची शक्ती मुख्यतः त्या दुसऱ्या जागी खर्च होते, आणि मला ते पटते.

कष्टाची जनावरे आता तशीही झपाट्याने कमी होत आहेत. आपल्या २०१९च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे ३ लाख ४० हजारांच्या घरात भरली, आधीच्या गणनेत, म्हणजे २०१२ साली, ती सव्वासहा लाख होती. गाढवे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २४ हजारांवर आली. टेम्पो आला, ट्रॅक्टर आला, कुंभाराचा आणि परटाचा धंदा बसला, ही कारणे उघड आहेत. पण गाढवांची घसरण फक्त तेवढ्याने पटण्यासारखी नव्हती. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून ‘एजियाओ’ नावाचे बलवर्धक करतात, त्याची मागणी वाढली आणि जगभरच्या गाढवांच्या कातड्यांना भाव आला. ब्रुकच्या भारतातल्या शाखेने याचा शोध घेतला आणि २०२२मध्ये अहवाल काढला. ज्या राज्यांत ही पाहणी झाली त्यांत राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. पौष पौर्णिमेला जेजुरीला भरणारा गाढवांचा बाजार ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे, त्यांना हा ओघ आटताना डोळ्यांदेखत दिसला आहे.

संस्थेच्या इतिहासात यातून एक चमत्कारिक वळण आले. १९३१ साली नको झालेले जनावर मालकाकडून विकत घेणारी ती स्वतःच होती. आता कातड्याचा दलाल तेच करतो, रोख पैसे देतो, आणि धडधाकट जनावरही घेतो. शिवाय चोरीही होते. केनियात तर गाढवांचे परवानाधारक कत्तलखाने निघाले आणि चोऱ्या इतक्या वाढल्या, की गावोगावचे गाढववाले सरकारदरबारी गेले. ब्रुक आणि तिच्यासारख्या इतर संस्थांनी त्यांची बाजू उचलून धरली. फेब्रुवारी २०२४मध्ये अदिस अबाबाला आफ्रिकी संघाच्या बैठकीत, कातड्यांसाठी गाढवांची कत्तल खंडभर थांबवण्याचा निर्णय झाला. तो अमलात आणणे आता एकेका देशाच्या हाती आहे.

या सगळ्या खटाटोपाच्या आधी संस्थेने एक काम करून ठेवले होते. इथिओपिया, केनिया, पाकिस्तान आणि भारत या चार देशांतल्या बायकांना विचारले होते, की घरातले गाढव किंवा घोडा तुमच्यासाठी काय करतो. उत्तरे लांबलचक आली. पाणी, सरपण, दळण, बाजाराचा माल, आणि अडल्या वेळी भाड्याने देऊन मिळणारे पैसे. ते जनावर गेले, की दुसरे घ्यायला पैसे नसतात. मग पाण्याचे कॅन डोक्यावर येतात, आणि ते बहुधा घरातल्या बाईच्या किंवा शाळा सोडावी लागलेल्या तिच्या मुलीच्या.